लुइझियाना, डेन्मार्क: इमारत बघायची, बाग बघायची की चित्रं?

वेलबुट्टी (धागाकर्ती)

कोपनहेगनला पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते. जलपरीचा पुतळा, न्युहावनची रंगीत घरं, तिवोली. ती यादी मी पटापट उरकते आणि एक अख्खा दिवस हुमलबेकसाठी राखून ठेवते. शहराच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर ओरेसुंडच्या सामुद्रधुनीकाठी हे छोटं गाव आहे आणि तिथं 'लुइझियाना' हे आधुनिक कलेचं संग्रहालय. 'आधुनिक कला' म्हटलं की पाहुण्यांचे चेहरे उतरतात, म्हणून मी तो विषयच काढत नाही. समुद्राकाठी छान बाग आहे, चला, एवढंच सांगते. बाकीचं काम ती जागा करते.

स्टेशनवरून दहाएक मिनिटं चालत गेलं की समोर येतो एक जुना पांढरा बंगला. भिंतींवर वेल चढलेले. लोक हमखास विचारतात, "हे? एवढंच?" मोठं संग्रहालय म्हणजे मोठ्या पायऱ्या, खांब, फडकणारे झेंडे अशी आपली समजूत. इथं साध्या घराच्या दारातून आत शिरायचं. हा बंगला १८५५चा. मालक होता अलेक्झांडर ब्रुन. त्याला फळझाडांचा आणि मधमाश्या पाळण्याचा नाद होता, आणि लग्नं तीन झाली, तिन्ही बायका लुइझ नावाच्याच. घराचं नाव त्यावरून. अमेरिकेतल्या राज्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

शंभर वर्षांनी ही जागा क्नुद येन्सन यांनी घेतली. चीजचा घाऊक व्यापार हा त्यांचा घरचा धंदा. त्यांनी योर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या दोन वास्तुविशारदांना काम दिलं, आणि अट घातली ती ही की जुना बंगला राहिला पाहिजे आणि संग्रहालयात शिरायचं ते त्याच्यातूनच. १९५८ साली संग्रहालय उघडलं.

बंगल्यातून पुढं गेलात की काचेचा बोळ सुरू होतो. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला थेट बाग. बोळ सरळ जात नाही. जुनी झाडं आणि जमिनीचा उंचसखलपणा सांभाळत वळतो, मधेच दोन पायऱ्या उतरतो. वाड्यात एका चौकातून दुसऱ्या चौकात जावं तसं इथं एका उजेडातून दुसऱ्या उजेडात जातो आपण. असं चालत चालत शेवटी जिथं पोचतो तिथं कड्याच्या टोकावर कॅफे आहे, समोर नुसतं पाणी आणि पलीकडे स्वीडनचा किनारा. १९५८च्या मूळ आराखड्यातही वाट इथंच संपत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही जागा घाईत बघता येत नाही. आत-बाहेर, आत-बाहेर करतच ती बघायला हवी. दोन दालनं झाली की बागेत जायचं दार उघडायचं, हवा खायची, परत आत यायचं. एकदा तिकीट काढलं की दिवसभर मोकळीक असते. जे आधी सगळी दालनं 'संपवून' मग बागेत जातात, ते दमलेले बाहेर येतात आणि हिरवळीवर आडवे होतात.

तुमच्यापैकी कोणी गेलंय का? बाग आणि इमारत दोन्ही बघण्यासारखी असलेली आणखी कुठली संग्रहालयं पाहिलीत? लिहा.

---

कासवछाप

वा, मस्त धागा. वाचतोय.

---

अडगूळमडगूळ

वेलबुट्टीताई, लिहिलंय छानच. पण खरं सांगायचं तर मला आधुनिक कलेतलं ओ की ठो कळत नाही. पांढऱ्या कॅनव्हासवर एक रेघ, आणि पुढं लोक हनुवटीला हात लावून उभे. माझ्यासारख्यानं दीडशेच्या आसपास क्रोनर मोजून तिथं नेमकं काय करायचं? बाग तर बाहेरही असते, फुकट.

---

कडीपाट

अडगूळमडगूळ, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी पेशानं आर्किटेक्ट, त्यामुळं मी तिथं इमारतीसाठीच गेलो आणि चित्रं 'जाता जाता' पाहिली. तुम्हीही तसंच करून बघा. कळण्या-न कळण्याचा प्रश्न बाजूला ठेवा आणि पायाखाली काय आहे, डोक्यावर काय आहे ते बघत चाला.

डोक्यावर लाकडाच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या तुळया आहेत. बाजूला विटांच्या भिंती, त्यांना फक्त पांढरा हात दिलेला, त्यामुळं विटांच्या दरजा दिसतात. खाली लालसर भाजलेल्या मातीच्या फरश्या. बस, एवढ्यावर अख्खं संग्रहालय उभं आहे. संगमरवर नाही, चकचकाट नाही. छत बऱ्याच ठिकाणी इतकं खाली आहे की आपण कोणाच्या तरी घरात फिरतोय असं वाटतं. वोलर्ट काही काळ कॅलिफोर्नियात शिकवायला होते. तिकडची लाकडाची, बागेकडे उघडणारी घरं त्यांनी पाहिली होती. जपानी घरांचा प्रभावही उघड आहे. पण हे सगळं उसनं वाटत नाही, कारण वीट आणि लाकूड डेन्मार्कचंच.

आणखी एक. १९५८नंतर इमारत वाढत गेली: १९६६, १९७१, १९७६ला मैफलींचं सभागृह, १९८२ला दक्षिणेकडची बाजू, १९९१ला पूर्वेकडची. १९९१पर्यंतची ही वाढ मुख्यतः याच जोडीच्या हातची. एवढी वर्षं एकाच इमारतीवर काम करायला मिळणं आमच्या धंद्यात दुर्मीळ. शेवटचा जोड तर जमिनीखालून नेलाय, कारण वर बांधलं असतं तर बागेतून समुद्र दिसणं बंद झालं असतं. त्या जोडामुळं पूर्ण वर्तुळ तयार झालं. आज तुम्ही बागेला आतून प्रदक्षिणा घालता. जमिनीखालच्या भागात कागदावरची कामं लावतात, ज्यांना उजेड सोसत नाही. म्हणजे अडचणीचाही उपयोग करून घेतला.

स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय (वास्तुविशारद फ्रँक गेरी, १९९७) मी पाहिलंय. टायटॅनियमच्या पत्र्याची ती इमारत नदीपलीकडूनच हाक मारते. जबरदस्त आहे, वादच नाही. पण तिथं इमारत नट आहे आणि चित्रं कोरसमधे. लुइझियानाचा तुम्ही एकही 'पूर्ण' फोटो काढू शकत नाही, कारण ती अशी कुठून पूर्ण दिसतच नाही. मला हे मोठं वाटतं.

---

अडगूळमडगूळ

कडीपाट, हे पटलं. म्हणजे छत बघायला जायचं!

---

कडीपाट

हो, आणि मान दुखली की समोर चित्र आहेच :)

---

सांजवात

मी गेले आहे. चित्रांचं मला फारसं आठवत नाही, पण शिल्पकार जाकोमेत्तीचं दालन कधीच विसरणार नाही. त्या बोळातून आपण येतो ते वरच्या सज्जावर. दालन दोन मजली उंच, आणि एक अख्खी भिंत काचेची, बाहेर तळं. तळ्याच्या काठची झाडं पाण्यावर वाकलेली. आणि खाली जाकोमेत्तीच्या त्या काटकुळ्या ब्राँझच्या बाया उभ्या. आधी वरून दिसतात, मग जिना उतरून त्यांच्यात जायचं.

अडगूळमडगूळ, तुम्ही 'कळत नाही' म्हणालात म्हणून सांगते. त्या पुतळ्यांच्या जवळ गेलं तर नुसते खडबडीत गोळे दिसतात, बोटांनी चिमटलेले, कलाकाराच्या अंगठ्याचे ठसे असावेत असे. पाच-सहा पावलं मागं सरका. एकदम माणूस उभा राहतो, आणि तोही लांबवर उभा असल्यासारखा वाटतो, तुम्ही कितीही जवळ असलात तरी. मला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं, पुढंमागं करताना आपोआप झालं. मागं काचेतून झाडांचे खोड दिसतात, तेही तसेच उभे आणि बारीक. दालन बांधताना हे मनात असणारच.

---

चिंचगुळाची

सांजवात +१. फक्त एक सूचना, हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी. डिसेंबरात तिथं दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला की त्या काचेतून तळं दिसत नाही, काचेत तुम्ही आणि दिवे दिसतात. सगळ्या बोळांचं तेच होतं. संध्याकाळची लुइझियाना वेगळी आणि छानच असते, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं अकराला दार उघडतं तेव्हाच आत असावं, आणि तळ्याचं दालन आधी गाठावं. उन्हाळ्यात हा प्रश्न नाही, रात्री दहापर्यंत उजेड.

---

भटकभवानी

मला एक तक्रार नोंदवायची आहे. आम्हाला एका टूरवाल्यानं नेलं सोमवारी. सोमवारी हे बंद असतं! फाटकापाशी अख्खी बस उभी, आणि टूर लीडर म्हणतो, "बाहेरून बघा, आर्किटेक्चर फेमस आहे." आता वरचं वाचून कळलं की बाहेरून बघण्यासारखं तिथं काहीच नाही! पैसे परत मागितले तर म्हणे कार्यक्रमात 'व्हिजिट' लिहिलंय, 'एंट्री' नाही.

---

कासवछाप

"व्हिजिट लिहिलंय, एंट्री नाही." हे फ्रेम करून आधुनिक कला म्हणून लावायला हवं.

---

वेलबुट्टी

भटकभवानी, अरेरे! सोमवार बंद, हे लिहायला हवंच होतं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी ११ ते रात्री १०, शनिवार-रविवार ११ ते ६. जाण्याआधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्याच, नवीन प्रदर्शन लागत असताना काही दालनं बंद असतात. मला स्वतःला मंगळवार-बुधवारची संध्याकाळ आवडते, गर्दी ओसरलेली असते.

---

पोटोबा

वरच्या कड्यावरच्या कॅफेबद्दल कोणी लिहील का? विषय कितीही उच्च असला तरी आम्हाला हे विचारायलाच लागतं.

---

सांजवात

पोटोबा, आयडी सार्थ करताय :) जेवण डॅनिश पद्धतीचं, राईच्या काळ्या ब्रेडवर मासा, बटाटा, अंडं वगैरे रचलेले तुकडे. महाग आहे, पण डेन्मार्कमधे महाग नसलेलं काय आहे? बाहेरच्या गच्चीवर बसायला मिळालं तर पैसे वसूल. तिथंच अलेक्झांडर काल्डरची शिल्पं आहेत, लोखंडाच्या पायावर तोललेल्या रंगीत चकत्या. त्यांच्यात मोटार नाही. वारा आला की हलतात, नाही आला की थांबतात. आम्ही बसलो तेव्हा वारा अगदी मंद होता. एकच चकती हळूहळू सरकत होती आणि बाकीच्या तिच्या मागं मागं, थोड्या उशिरानं. माझ्या शेजारचे आजोबा कॉफी गार होईपर्यंत तेच बघत बसले होते.

---

मधलीसुट्टी

दोन मुलं आहेत, वय सहा आणि दहा. तासाभरात "आई कंटाळा आला" सुरू होईल ही धास्ती. मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? खरं खरं सांगा.

---

वेलबुट्टी

मधलीसुट्टी, खरं खरं सांगते: माझ्या माहितीतल्या मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त आवडतं. १८ वर्षांखाली तिकीट नाही. मुलांसाठी वेगळी तीन मजली बाजू आहे, १९९४ साली सुरू झालेली. तिथं रंग, माती, कागद, सगळं मांडलेलं असतं आणि शिकवणारे कलाकार असतात. त्या वेळी जे मोठं प्रदर्शन चालू असेल त्याच्याशी जोडलेलं काहीतरी मुलं करतात. म्हणजे आधी दालनात बघायचं आणि मग खाली येऊन स्वतः करून बघायचं, किंवा उलट. उलटं जास्त चांगलं, मुलं मग दालनात जाऊन "हे मी केलं तसंच आहे" म्हणतात.

आणि बाग. समुद्राकडे उतरत जाणारी हिरवळ आहे, तिच्यावर गडगडत खाली जाणं हा डॅनिश मुलांचा ठरलेला कार्यक्रम. तळ्याच्या बाजूला झाडीत एक घळ आहे, तिथं जॉर्ज ट्राकस या कलाकारानं लाकडाच्या आणि लोखंडाच्या पायऱ्यांची वाट केलीय. ती वाट हेच शिल्प. मुलांना सांगायचं नाही की हे शिल्प आहे. पळू द्या.

---

मधलीसुट्टी

खूप आभार ताई. गडगडण्यानं निकाल लागला, जातोय.

---

आंबोळी

माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे. घळ, पायऱ्या, उतार हे वाचून जरा धाकधूक वाटली.

---

चिंचगुळाची

आंबोळी, आत लिफ्ट आहेत, त्यामुळं दालनांचं फार काळजीचं नाही. तिकीटखिडकीवर आधी विचारा, ते सोपी वाट दाखवतात, कारण इमारत उतारावर असल्यानं मधे मधे पायऱ्या येतात. बागेत मात्र घळीकडे आईंना नेऊ नका. वरच्या सपाटीवरूनच समुद्र, काल्डर आणि शिल्पकार हेन्री मूरची पहुडलेली आकृती दिसते. तिथं बसायला जागा आहे. खरं तर मूर बसूनच बघावा, मागं पाणी आणि क्षितिज ठेवून ती आकृती बसवलीय. हवा स्वच्छ असेल तर स्वीडनच्या बाजूचं वेन बेटही दिसतं, ज्यावर सोळाव्या शतकात टायको ब्राहेची वेधशाळा होती.

---

खडूफळा

मी जरा विरोधी सूर लावतो. बागेतली शिल्पं हा प्रकार मला नेहमी संशयास्पद वाटतो. झाड सुंदर, समुद्र सुंदर, त्यात काहीही ठेवलं तरी सुंदर दिसणारच. मग कलेचं श्रेय कुठलं? शिल्प तिथं बाकासारखं होतं, आहे म्हणून आहे. लोक त्याच्यापुढं उभं राहून समुद्राचा फोटो काढतात. आणि ज्या कलेनं लोकांना अस्वस्थ करायचं, तिला असं रमणीय ठिकाणी आणून बसवलं की तिचे दात पडतात. कॉफी, हिरवळ, जरा कला, असा तो रविवार.

---

कडीपाट

खडूफळा, मुद्दा दमदार आहे, आणि काही शिल्पांच्या बाबतीत खराही आहे. पण तुम्ही शिल्पकार रिचर्ड सेराचं काम पाहिलंय का तिथलं? ते रमणीय वगैरे अजिबात नाही. एका घळीत लोखंडाचे दोन प्रचंड पत्रे उभे रोवलेत, गंजून तपकिरी झालेले. १९८०च्या दशकात सेरानं ते खास त्या घळीसाठीच केलं. तुम्ही झाडीतून उतरत जाता, समुद्र दिसेल म्हणून, आणि वाट अडते. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीतूनच पुढं जावं लागतं. थंडगार, अंगावर येणारं लोखंड दोन्ही बाजूंना. मला तिथं थोडी भीतीच वाटली. ते उचलून दुसऱ्या बागेत ठेवा, काहीच उरणार नाही. जागा आणि शिल्प वेगळं काढता येत नाही, आणि माझ्या मते बागेतल्या शिल्पाची कसोटी हीच.

---

खडूफळा

सेरा मान्य. मूर मात्र मी बाकाच्या यादीतच ठेवतो.

---

सांजवात

मूरला बाक म्हणणाऱ्यांचा तीव्र निषेध.

---

वेलबुट्टी

खडूफळा, 'कॉफी, हिरवळ, जरा कला' ही टीका येन्सन यांच्या हयातीतही झाली असणार. त्यांचं उत्तर त्यांच्या धोरणात होतं. त्याला ते सॉनाचं तत्त्व म्हणत. सॉनात गरम वाफ आणि थंड पाणी आळीपाळीनं घेतात. तसं लोकांच्या ओळखीचा, आवडता कलाकार म्हणजे गरम, आणि नवा, अवघड, कोणाला ठाऊक नसलेला म्हणजे थंड. दोन्ही एकाच वेळी लावायचे. लोक गरमासाठी येतात आणि थंडाची डुबकी मारूनच बाहेर पडतात. सुरुवातीला तर त्यांना फक्त डॅनिश आधुनिक कलाच ठेवायची होती. १९५९ला जर्मनीत कासेलचं दुसरं डॉक्युमेंटा प्रदर्शन बघून आले आणि विचार बदलला. तेव्हापासून जगभरचं घ्यायला सुरुवात झाली.

मला विचाराल तर हे तत्त्व बागेलाही लागू आहे. बाग गरम, दालन थंड. म्हणूनच आत-बाहेर करा म्हणते.

---

कासवछाप

प्रश्न: डॅनिश चित्रकार आस्गर योर्न यांचं 'स्टालिनग्राड' हे मोठं चित्र लुइझियानातच आहे ना? त्यासाठी जायचं मनात आहे.

---

चिंचगुळाची

नाही हो. ते यूटलंडमधे सिल्केबोर्गला, योर्नच्याच नावाच्या संग्रहालयात आहे. लुइझियानात योर्नची इतर कामं आहेत, पण 'स्टालिनग्राड'साठी सिल्केबोर्गच गाठायला हवं. आणि लुइझियानात कायम संग्रहातली चित्रंही आलटून पालटून लावतात, एखाद्या ठरावीक चित्रासाठी जात असाल तर आधी विचारून जा.

---

पोटोबा

जपानी कलाकार यायोई कुसामाची खोली कायम असते का? सगळ्यांच्या फोटोत दिसते ती.

---

सांजवात

हो, ती कायमची आहे, २००८ सालची. छोटीशी खोली, भिंती आणि छत आरशांचं, खाली पाणी. मधल्या फळीवर आपण उभं राहायचं आणि वरून लोंबणारे गोल दिवे हळूहळू रंग बदलतात. दिवे शंभराच्या वर असतील, पण आरशांमुळं अंतच लागत नाही. थोड्याच लोकांना एका वेळी सोडतात, बाहेर रांग असते. खरं सांगू का, रांगेत जेवढा वेळ जातो त्याच्या एक दशांशही आत मिळत नाही, आणि मिळालेल्या वेळात निम्मे लोक फोन वर धरून उभे. फोन खिशात ठेवा. दार लागल्यावर पहिले काही क्षण पाय कुठं आहेत हेच कळत नाही, ते अनुभवा. शनिवार-रविवारी मोठी रांग असेल तर सोडून द्या, त्या वेळात बाग बघा.

---

रानभूल

धागाकर्तीनं विचारलं होतं म्हणून आमची भर.

नेदरलँड्समधलं क्रॉलर-म्यूलर. होगे वेलुवे या राष्ट्रीय उद्यानाच्या ऐन मधे आहे. उद्यानाच्या फाटकाशी पांढऱ्या सायकली ठेवलेल्या असतात, फुकट, कुलूप नाही, घ्यायची आणि निघायचं. रानातून, वाळूच्या टेकड्यांमधून पायडल मारत संग्रहालय गाठायचं. इमारत हेन्री व्हान डे वेल्डे यांची, १९३८ची, बसकी आणि शांत. आत व्हॅन गॉखची नव्वदच्या आसपास चित्रं. बाहेर शिल्पबाग, १९६१ला सुरू झालेली, पंचवीसेक हेक्टरची. तिथं दुबुफेचं एक काम आहे, पांढरा उंचसखल चबुतरा आणि त्यावर काळ्या रेघा. जिन्यानं वर चढून त्याच्यात फिरायचं, म्हणजे चित्राच्या आत शिरून चालायचं. उन्हात डोळे दिपतात. फक्त लक्षात ठेवा, उद्यानाचं तिकीट वेगळं आणि संग्रहालयाचं वेगळं.

लुइझियानाशी तुलना केली तर क्रॉलर-म्यूलरला बाग मोठी आणि रान खरं. पण आत आणि बाहेर यांची जी गुंतागुंत इथं वर वर्णन केलीय, ती तिथं तेवढी नाही. तिथं इमारत संपते आणि मग बाग सुरू होते.

---

कडीपाट

रानभूल, तिथला डच वास्तुविशारद रिटफेल्डचा मंडप बघितलात ना? काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, जवळजवळ उघडाच. मूळ १९५५ला दुसरीकडे तात्पुरता बांधला होता, पाडला, आणि लोकांना इतकी चुटपूट लागली की १९६५ला या बागेत पुन्हा उभा केला.

माझीही एक भर: पोर्तुगालमधे पोर्तूचं सेराल्व्हेस. अल्वारो सिझा यांची पांढरी इमारत, १९९९ची. शेजारी १९३०च्या दशकातला गुलाबी बंगला आणि १८ हेक्टरची बाग. आखीव वाफे, मग झाडी, मग शेत. सिझा खिडक्या कंजूषपणे देतो. भिंतभर काच नाही, नेमक्या जागी एक खिडकी, आणि तिच्यातून एकच झाड. बो-वोलर्टनी सगळं उघडं टाकलं, सिझानं मोजून मापून दिलं. दोन्ही बरोबर.

---

खडूफळा

सेराल्व्हेसच्या बागेत ओल्डनबर्ग आणि व्हान ब्रुगेन यांचं भलंमोठं लाल खुरपं रोवलंय. त्याला मी बाक म्हणणार नाही. बागेतल्या शिल्पानं बागेचीच थट्टा करावी, हे आवडलं.

---

भटकभवानी

दक्षिण फ्रान्समधल्या सां-पोल-द-व्हांसचं माएग्त फाउंडेशन राहिलं की! इमारत १९६४ची, वास्तुविशारद जोसेप लुइस सेर्त. जाकोमेत्तीचे पुतळे तिथं उघड्या अंगणात उभे, आणि चित्रकार मिरोनं केलेली भुलभुलैयाची बाग. सांजवात यांना तिथं नक्की आवडेल. लुइझियानात जाकोमेत्ती तळ्याच्या थंड उजेडात, इथं भर उन्हात, सावल्या पुतळ्यांइतक्याच महत्त्वाच्या. आणि नाही, सोमवारी गेले नव्हते. स्वतःचं स्वतः गेले होते.

---

अडगूळमडगूळ

परवा कामानिमित्त कोपनहेगनला होतो, दुपार मोकळी मिळाली. कडीपाट, गेलो बरं का. छत बघितलं. तुळया मोजायला लागलो होतो, मधेच कधीतरी विसरलो. सांजवात यांनी सांगितलं तसं पाच-सहा पावलं मागं सरकलो, पाठीमागच्या बाईंना धक्का लागला, पण पुतळा उभा राहिला हे खरं. रेघवालं चित्र एक होतं, ते अजूनही कळलं नाही. सेराच्या पत्र्याला हात लावावासा वाटला. पाटी बघितली, लावला नाही.

एक विचारायचं होतं. बोळातून जाताना एके ठिकाणी बाहेर निघायचं दार होतं, पण बाहेरून परत त्याच दारानं आत येता आलं नाही, मोठा वळसा पडला. हे असंच आहे की मी चुकीचं दार धरलं?

---

वेलबुट्टी

अडगूळमडगूळ, वा! असंच आहे. काही दारं फक्त बाहेर जाण्यासाठी असतात, आणि प्रदर्शन बदललं की कुठलं दार उघडं हेही बदलतं. कॅफेजवळचं दार सहसा दोन्ही बाजूंनी चालू असतं, ते लक्षात ठेवा. आणि तिकीट खिशात असू द्या, परत आत येताना विचारतात.

---

मधलीसुट्टी

आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय. कोपनहेगन कार्डावर (पर्यटकांच्या पासावर) लुइझियाना धरलंय असं दिसतंय, आणि त्यात ट्रेनही येते. मग हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्ला त्याच दिवशी जोडावा का? त्याच गाडीनं पुढं आहे.

---

चिंचगुळाची

गाडी तीच आहे, पुढं दहा-पंधरा मिनिटं. पण मुलं हिरवळीवर गडगडायला लागली की उठणार नाहीत. किल्ला आधी करा, सकाळी. मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस धरा म्हणजे लुइझियाना रात्री दहापर्यंत उघडं, दुपारी दोनला पोचलात तरी भरपूर वेळ. मुलांची बाजू मात्र संध्याकाळी लवकर आवरते, तिची वेळ साइटवर बघून घ्या आणि आधी तिथंच शिरा.